त्या खलाशाचं नाव काय?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आधीच कबूल करतो. माझं शिक्षण के.जी.पासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मासिकाच्या मराठी विभागात लेख देतोय म्हटल्यावर माझा रूममेट पोट धरधरून हसला. म्हणाला, "अरे, तू तर शिव्यासुद्धा इंग्रजीतून देतोस!" खरं आहे. पण हा विषय मला इंग्रजीत लिहवेना. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा कागद फाडला. कारण विषय आमच्या आजीचा आहे, आणि आजीला इंग्रजी येत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, मित्रांनो.

सुरुवात झाली लायब्ररीतून. सबमिशन संपलं होतं, हॉस्टेलची लाईट गेली होती आणि लायब्ररीत जनरेटर होता. एवढ्या थोर कारणासाठी मी तिथे जाऊन बसलो आणि हाताला 'मोबी डिक' लागलं. हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाची १८५१ सालची कादंबरी. शाळेत तिची संक्षिप्त आवृत्ती वाचली होती. पांढरा देवमासा, एका पायाचा कॅप्टन, सूड वगैरे. या वेळी जाडजूड मूळ पुस्तक होतं. चाळता चाळता चाळिसाव्या प्रकरणाशी थांबलो. ते प्रकरण नाटकासारखं लिहिलंय. मध्यरात्री डेकवर सगळे खलाशी नाचतायत, गातायत, भांडतायत. प्रत्येकाच्या वाक्याआधी तो कुठला ते लिहिलंय. डच खलाशी, फ्रेंच खलाशी, चिनी खलाशी... आणि त्यातच एक 'लॅस्कर सेलर'.

लॅस्कर म्हणजे आपल्याकडचा खलाशी. मूळ शब्द फारसीतला 'लष्कर'. साहेबाने त्याचा लॅस्कर केला. या भल्या माणसाला मेलव्हिलने दोन-तीन वाक्यं दिली आहेत. त्यात तो ब्रह्मदेवाची शपथ घेतो! आता मला सांगा, आपल्या किनाऱ्यावरचा कोणता माणूस वादळ आलं की ब्रह्मदेवाला हाक मारतो? कोणी एकवीरेचं नाव घेईल, कोणी अल्लाचं, कोणी मेरी मातेचं. पण ते जाऊ दे. मला खटकलं ते वेगळंच. त्या माणसाला नावच नाही. जहाजावरच्या मोठ्या पात्रांना नावं आहेत, मेट लोकांना आहेत, भालेवाल्यांना आहेत. लॅस्करला नाही. तो बोलतो आणि पुस्तकातून नाहीसा होतो.

पुस्तक परत करताना वाटलं, हा माणूस मी कुठेतरी पाहिलाय.

आता थोडं आमच्या गावाबद्दल. मी डोलवीचा. पेण तालुका, रायगड जिल्हा. आमचं गाव म्हटलं की लोकांना स्टीलचा कारखाना आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. रात्री लांबूनसुद्धा आभाळ तांबूस दिसतं. पण कारखान्याच्या आधीपासून तिथे खाडी आहे. अंबा नदी समुद्राला मिळते ती धरमतरची खाडी. मुंबईहून आगबोटी धरमतरला यायच्या तेव्हा ते सगळ्या मुलखाचं दार होतं. आज त्याच खाडीतून बार्ज येतात. मोठी जहाजं खाडीत शिरू शकत नाहीत, म्हणून माल बार्जमध्ये भरून भरतीच्या पाण्यावर आत आणतात. माझे बाबा अशाच एका बार्जवर आहेत. त्यांचं घड्याळ आमच्यासारखं चालत नाही. भरती पहाटे तीनला असेल तर ड्युटी पहाटे तीनला. उधाण असलं तर वेगळं, भांग असला तर वेगळं.

बाबा खलाशी आहेत. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली.

पाचवीत असताना वर्गात प्रत्येकाला उभं राहून वडील काय करतात ते सांगायचं होतं. कोणाचे डॉक्टर, कोणाचे मॅनेजर. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "माय फादर इज इन शिपिंग." टीचरनी कौतुकाने विचारलं, "कॅप्टन?" आणि मी मान हलवली. होकारार्थी. त्यानंतर शाळेत मी दहावीपर्यंत कॅप्टनचा मुलगा होतो. पेरेंट्स मीटिंगला बाबा येऊ नयेत म्हणून मी काय काय थापा मारल्या त्याचा हिशोब नाही. कॉलेजच्या अ‍ॅडमिशन फॉर्मवरसुद्धा वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'शिपिंग'च लिहिलंय.

असो. तर तो लॅस्कर डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला विचारलं, "आजी, आपल्यात बाबांच्या आधी कोणी जहाजावर होतं का गं?" आजी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "होता ना, आगबोटवाला."

आजीला ही गोष्ट तिच्या आजीने सांगितलेली. हा आगबोटवाला म्हणजे त्या आजीचा सासरा. हिशोब केला तर काळ साधारण १८८०-९०च्या आसपासचा येतो. मुंबईच्या गोदीतून तो विलायतेच्या आगबोटीवर चढला. दोनदा गेला. पहिल्या वेळी दोन वर्षांनी परत आला. दुसऱ्या वेळी सात वर्षं पत्ता नाही. मागे बायको आणि चार पोरं. बाई मिठागरात कामाला जायची, खाऱ्या शेतात भात लावायची. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की गावाबरोबर मातीच्या पाट्या टाकायची. नारळी पुनवेला गाव एक नारळ सोडायचं, ही दोन सोडायची. एक खाडीला आणि एक 'त्याच्या पाण्याला'. सात वर्षांनी तो आला तेव्हा धाकट्या पोराने त्याला ओळखलं नाही. नंतर तो जगला तोवर घरात झोपला नाही. छपराखाली जीव गुदमरतो म्हणायचा आणि ओटीवर झोपायचा. त्याने आणलेली चिनी मातीची निळ्या नक्षीची एक बशी अजून आजीच्या माळ्यावर आहे. कडेला टवका उडालाय.

मी वही काढली. म्हटलं, "आजी, त्याचं नाव काय होतं?"

"नाव कशाला पायजे? सगली त्याला आगबोटवालाच बोलाची."

"बरं, आणि त्याच्या बायकोचं?"

आजी हसली. "सासूचा नाव सून कवा घेते काय?"

झालं. ज्या बाईने सात वर्षं घर ओढलं तिचं नाव तिच्या सुनेने कधी तोंडातून काढलं नाही, आणि सुनेनंतर सांगणारं कोणी उरलं नाही. आमच्या घरातला लॅस्करसुद्धा बिननावाचाच निघाला.

आता मेलव्हिलच्या लोकांकडे बघा. अमेरिकेतल्या नॅन्टकेट आणि न्यू बेडफर्ड या गावांतून देवमाशाच्या शिकारीची जहाजं निघायची. एकेक सफर तीन-चार वर्षांची. खलाशाला ठरलेला पगार नसायचा. जहाज तेल घेऊन परत आलं की नफ्यातला ठरलेला हिस्सा मिळायचा, आणि साध्या खलाशाचा हिस्सा दोनशेवा भाग किंवा त्याहूनही कमी असायचा. घरी बायका दुकानं चालवायच्या. नॅन्टकेटच्या एका रस्त्याला तर बायकांच्या दुकानांमुळे 'पेटिकोट रो' असं नाव पडलं. म्हणजे दुःख तेच, वाट बघणं तेच. फरक एवढाच की त्यांनी सगळं जपून ठेवलं. जहाजांच्या रोजनिश्या, पत्रं, खलाशांच्या याद्या. 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' नावाचं १८४१ सालचं शिकारी जहाज तर आजही मिस्टिक सीपोर्टच्या संग्रहालयात पाण्यावर उभं आहे.

आम्हा मेकॅनिकलवाल्यांना या धंद्याशी एक नातं सांगता येईल. देवमाशाच्या तेलावर दिवे जळायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्पर्म व्हेलचं तेल नाजूक यंत्रांना वंगण म्हणूनही वापरायचे. अमेरिकेत तर १९७०च्या सुमारापर्यंत ते मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात मिसळलं जात होतं. फिजिक्समध्ये आपण 'कँडलपॉवर' शिकलो ना, त्यातली कँडल म्हणजे याच माशाच्या डोक्यातल्या मेणाची मेणबत्ती. १८५९ साली पेनसिल्व्हानियात खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल स्वस्त झालं आणि दिव्यांचा बाजार देवमाशाच्या हातून गेला. शिकार मात्र थांबली नाही. आपल्याच अरबी समुद्रात १९६६च्या नोव्हेंबरात सोव्हिएत बोटींनी दोनशेहून जास्त हंपबॅक देवमासे मारले, तेही चोरून. आणि जून २०१५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला, तेव्हा बघायला सगळा गाव लोटला होता. भाषेचं बघा. तिकडे त्याला तेलाच्या पिंपांत मोजायचे, आपण त्याला 'देव' म्हटलं.

पण आपल्या खाडीतला माणूस देवमासा मारायला गेला, असं काही मी म्हणत नाही. शिकारी जहाजांना माणसं मिळायची ती अझोर्स, केप व्हर्ड आणि पॅसिफिकच्या बेटांवरून. आपली माणसं गेली ती मालवाहू आणि प्रवासी जहाजांवर. आधी सागवानी शिडाच्या जहाजांवर आणि मग आगबोटींवर. मेलव्हिलने असं एक जहाज बघून ठेवलं होतं. त्याच्या 'रेडबर्न' या १८४९च्या कादंबरीत लिव्हरपूलच्या गोदीत 'इरावडी' नावाचं मुंबईचं जहाज लागलेलं आहे, आणि त्यावर लॅस्कर आहेत. तिथे एका लॅस्करला नाव आहे बरं का! 'दल्लाबदूलमन्स'. हे नाव मी मोठ्याने तीन-चार वेळा म्हणून बघितलं. बिचारा कोणीतरी अब्दुल असणार. मोडून-तोडून त्याचं हे झालं.

१८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मुंबईच्या गोदीची भरभराट झाली. जहाजांना स्वस्त माणसं हवी होती. विलायती कंपन्यांच्या आगबोटींवर कोकण, कच्छ, सुरतकडची माणसं डेकवर, पंजाबकडची इंजिनखान्यात कोळसा लोटायला, आणि गोव्याची स्वयंपाकघरात आणि केबिनमध्ये, अशी वाटणी ठरून गेली. डेकवरच्या माणसांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी. आपल्या वर्गात हजेरीला 'तांडेल' आणि 'सारंग' आहेत ना? ती नुसती आडनावं नाहीत. ते जहाजावरचे हुद्दे आहेत. पुढच्या वेळी त्यांना हाक मारताना लक्षात ठेवा.

आणि भरती कशी व्हायची? गोदीवर घाट सारंग असायचा. तो नोकरी लावून द्यायचा, पण आधी कर्ज द्यायचा आणि मग पगारातून काढून घ्यायचा. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. जागेचंही तसंच. कायद्याप्रमाणे गोऱ्या खलाशाला झोपायला ७२ घनफूट, लॅस्करला ३६. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तिघं राहतो म्हणून आम्ही रेक्टर सरांकडे अर्ज करतो. ३६ घनफूट म्हणजे किती ते मी पट्टी घेऊन मोजून बघितलं. आमचं लोखंडी कपाट त्याहून फार लहान नाही. आगबोटवाला छपराखाली का झोपत नव्हता ते मला त्या दिवशी, टेप हातात धरून, कळलं.

१८२३च्या कायद्याने तर लॅस्करला ब्रिटिश खलाशी धरायचंच नाही असं ठरवलं होतं. राज्य ब्रिटिशांचं, जहाज ब्रिटिश, पण माणूस मात्र नाही. लंडनमध्ये कितीतरी लॅस्कर थंडीत रस्त्यावर राहायचे. त्यांच्यासाठी १८५७ साली, म्हणजे इकडे बंड पेटलं त्याच वर्षी, लाइमहाऊस भागात 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. त्याला पाचशे पौंडांची देणगी दिली होती महाराजा दुलीपसिंगांनी, ज्यांचं राज्य इंग्रजांनीच काढून घेतलं होतं! घराचं नाव बघा, 'परक्यांचं घर'.

हे सगळं मी हॉस्टेलवर सांगत होतो तेव्हा सिव्हिलचा एक मित्र म्हणाला, "बस झालं यार. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खलाशाचं नाव कळून करायचंय काय? प्लेसमेंटला मार्क मिळणार आहेत?" प्रश्न रास्त आहे. मी दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं.

एक म्हणजे, मला कोणाचा पुतळा उभारायचा नाही. 'आमचे शूर दर्यावर्दी' अशी भाषणं मला नकोत. ती माणसं हौसेने गेली नव्हती. पोटासाठी गेली, कर्ज काढून गेली, आणि कितीतरी परत आली नाहीत. शूर म्हटलं की त्यांना फसवणाऱ्यांचा हिशोब आपोआप माफ होतो.

दुसरं, आपण आठवतो कोणाला? दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ साली त्या दिवशी सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं म्हणून. भारतीय मालकीचं जहाज, अभिमान वाटायलाच हवा. पण मालकी भारतीय व्हायच्या कितीतरी आधीपासून जहाज चालवणारे हात भारतीय होते. त्यांचा दिवस कुठला? १९२७ साली मुंबईत 'डफरिन' हे ट्रेनिंग शिप सुरू झालं आणि आपली मुलं ऑफिसर होऊ लागली. मग समुद्राचा इतिहास ऑफिसरांपासून सुरू झाला. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे. मुंबईला शंभरदा गेलोय, पण ते आहे हे मला या लेखाच्या निमित्तानेच कळलं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना एकच बोट आठवते, १७ जुलै १९४७ला गटारी अमावस्येच्या दिवशी रेवसला येताना बुडालेली 'रामदास'. सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणजे बोट बुडाली तरच आपण आठवण ठेवणार का?

आणि तिसरं उत्तर माझ्यापुरतं आहे. ते लिहायला जड जातंय. मेलव्हिलने लॅस्करला नाव दिलं नाही म्हणून मला राग आला. इंग्रजांनी ३६ घनफूट दिले म्हणून राग आला. पण आमच्या घरातल्या खलाशाला माणसांतून पुसून टाकलं कोणी? मी. पाचवीत, मान हलवून. कुठल्या साहेबाने सांगितलं नव्हतं. बाबा भर पावसात ओल्या दोराशी झटतात, त्या पैशांतून माझी कॉन्व्हेंटची फी भरली गेली, आणि तिथे मी पहिली गोष्ट शिकलो ती बाबांना लपवण्याची. मेलव्हिलने निदान लॅस्करला दोन-तीन वाक्यं बोलू दिली. मी बाबांना शाळेच्या गेटच्या आतसुद्धा येऊ दिलं नाही.

आपल्यातले कितीतरी जण डिग्रीनंतर मरीन इंजिनियरिंगचा कोर्स करून मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतात. जरूर जा. पांढरा युनिफॉर्म घाला, फोटो टाका. पण इंजिनरूममध्ये उतराल तेव्हा आपल्या आधी तिथे कोण उभं होतं एवढं माहीत असू द्या. आणि डेकवर दोर ओढणाऱ्या माणसाला नावाने हाक मारा.

आता मुद्द्याचं. विलायतेत १९१५ सालच्या व्यापारी जहाजांच्या खलाशांच्या याद्या स्वयंसेवकांनी बसून उतरवून काढल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यांत लॅस्करही आहेत. एवढं मोठं काम आपल्याला जमणार नाही. पण आपल्या हॉस्टेलमध्ये अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवणकडची मुलं आहेत. मेसमध्ये आणि ऑफिसमध्ये काम करणारे काही जण तिकडचेच आहेत. तर माझी सूचना अशी. या सुट्टीत घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा, "आपल्यात जहाजावर कोण होतं?" नाव, गाव, काम, आणि मागे घर कोणी सांभाळलं तिचंही नाव. जे मिळेल ते कागदावर लिहून मासिकाच्या पेटीत टाका. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिश्चन असो, सगळ्यांची एकच यादी. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी द्यावीत अशी संपादक मंडळाला विनंती आहे. उशीर करू नका. आमच्या आजीच्या आजीला कोणी वेळेवर विचारलं असतं तर आज दोन नावं जास्त असती.

यादीची सुरुवात मीच करून ठेवतो.

गाव डोलवी. नाव माहीत नाही, लोक आगबोटवाला म्हणायचे. सात वर्षं बेपत्ता, मग परत. शिल्लक वस्तू, बशी एक, टवका उडालेली.

त्याची बायको. नाव माहीत नाही. मिठागरात काम. चार मुलं वाढवली.

तिसरी नोंद बाबांची. त्यांचं पूर्ण नाव मी पेटीतल्या कागदावर लिहिलंय. काल ऑफिसात जाऊन अ‍ॅडमिशन फॉर्ममधली दुरुस्तीही करून आलो. क्लार्क काका चष्मा वर करून म्हणाले, "आता थर्ड इयरला कशाला बदलतोस? काय फरक पडतो?" मी म्हटलं, "काका, चुकीचं लिहिलं होतं." त्यांनी 'शिपिंग' खोडलं आणि मला विचारून विचारून वर नीट अक्षरात लिहिलं, खलाशी.